आपलाच राउटर तपास

अगं, नव्या फ्लॅटमध्ये राउटर आयताच मिळाला, पासवर्डही भिंतीवर लिहून ठेवलाय, असं तू म्हणालीस तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. तो पासवर्ड आधीच्या भाडेकरूंनाही ठाऊक असणार ना! दुसऱ्या कुणी आपलं वायफाय वापरलं तर काय होतं बघ: २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. चौकशीचा ससेमिरा त्या घरात राहणाऱ्या माणसामागे लागला.

वायफाय तपासायचं अ‍ॅप घेतलंस, बरं केलंस. पण ते करतं काय, हे समजून घे. राउटर उलटा करून स्टिकर बघ. बऱ्याच राउटरवर तिथे आठ आकड्यांचा डब्ल्यूपीएस पिन छापलेला असतो, पासवर्ड न टाकता फोन जोडता यावा म्हणून. त्या बनावटीचे माहीत असलेले पिन अ‍ॅप एकेक लावून बघतं. एखादा बसला की पासवर्ड कितीही अवघड असो, आत शिरता येतं. आठ आकडे म्हणजे पुष्कळ वाटतात, पण राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरूनच ठरतो. म्हणजे फार तर ११,००० प्रयत्न! हे २०११ मध्येच उघड झालंय.

त्यामुळे अ‍ॅपनं 'सुरक्षित' म्हटलं तरी हुरळून जाऊ नकोस. त्याच्याकडचे पिन लागले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूपीएस बंदच कर. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ ठेव, नसेल तर डब्ल्यूपीए२. वायफायचा पासवर्ड लांबलचक घे आणि सेटिंगचा वेगळा पासवर्ड असतो तोही बदल, तो सगळे विसरतात. मग जोडलेल्या उपकरणांची यादी शांतपणे वाच.

आणि गंमत म्हणूनही शेजारच्यांच्या वायफायवर हे अ‍ॅप चालवू नकोस. परवानगीवाचून दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुझा राउटरही घरमालक काकांचाच आहे, तेव्हा आधी त्यांना फोन करून विचार. ते कां-कूं करायला लागले तर मला सांग, मी बोलते त्यांच्याशी.