पोकळ अक्षरांतील शिरोरेखा

बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, स्नेहसंमेलनाचा फलक, मिठाईच्या दुकानाची पाटी अशा ठिकाणी हाताने काढल्यासारखे खेळकर पोकळ अक्षर शोभते. त्यात फक्त कड रेखाटायची, पोट कोरे ठेवायचे. रोमन छापील अक्षरे सुटी असतात, त्यामुळे प्रत्येकाची कड तिथल्या तिथे मिटते. देवनागरीत मात्र शिरोरेखा आडवी येते.

बेळगावच्या खासबागेसारख्या भागात कन्नड आणि मराठी पाट्या शेजारी ठेवून पाहिल्या की हा फरक ध्यानात येतो. कन्नड अक्षराचा तलेकट्टु त्या अक्षरापुरता असतो. मराठीची रेघ शब्दभर धावते. पेंटर 'कमळ' लिहितो तेव्हा पूर्ण शब्द त्याच्या डोळ्यांपुढे असतो आणि तो एकसंध कड काढतो. कमल शेडगे यांनी हाताने रेखाटलेली नाटकांची शीर्षके अशीच अख्खा शब्द धरून घडलेली आहेत. फाँटला मात्र एकेक अक्षर स्वतंत्र घडवावे लागते. भरीव फाँटमध्ये क, म, ळ यांचे सांधे शाईत बुडतात; पोकळ फाँटमध्ये त्याच जागी उभ्या रेघा उमटतात.

यावर तीन उपाय आहेत.

१. शिरोरेखेची दोन्ही टोके उघडी ठेवणे. सांधे जुळतात, पण शब्दाच्या आरंभी व शेवटी तोंड मिटवणारी वेगळी रूपे द्यावी लागतात.

२. प्रत्येक अक्षराची रेघ तोडणे. खेळकरपणा येतो, पण शब्द विस्कटतो आणि काना एकटा पडतो.

३. दोन थर वापरणे. आधी सगळा शब्द जाड व गडद, मग त्यावर तोच शब्द बारीक व फिका. सांधे झाकले जातात. मात्र पोटातून मागचे चित्र दिसत नाही.

खरी कसोटी वाचनाची आहे. 'धडा' आणि 'घडा', 'भात' आणि 'मात' यांतील भेद शिरोरेखेच्या छोट्या फटीवर बराच अवलंबून असतो. भरीव अक्षरात फट कोरी आणि रेघ काळी असते. पोकळ अक्षरात दोन्ही कोरी! त्यामुळे ध, भ, थ यांची फट नेहमीपेक्षा रुंद आणि डोक्याची गाठ ठसठशीत हवी. नुकतीच वाचू लागलेली मुले हीच अक्षरे पाहणार आहेत.

एक टाइप या संस्थेचा 'मोदक' हा मुक्त परवान्याचा फाँट याची उलट बाजू दाखवतो. त्यात अक्षर इतके गुबगुबीत आहे की आतल्या मोकळ्या जागेची बारीक रेघच उरते, आणि तीच रेघ अक्षराची ओळख सांभाळते.

अभ्यास : 'धबधबा', 'घमघमाट' आणि 'शाल' हे शब्द पोकळ अक्षरांत काढा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातील देठाचा श व पाकळीचा ल वापरा. कागद पाच पावलांवर ठेवून दुसऱ्याकडून वाचून घ्या. जिथे वाचणारा अडखळेल, तिथली कड सुधारा.