सरळ रेणू, वाकडा रेणू

रिसाली ही भिलाईच्या पोलाद-वसाहतीतील वस्ती. तेथील पोलाद-कारखाना १९५९ साली सुरू झाला. अशा कारखान्यात कोकसाठी दगडी कोळसा हवेवाचून तापविताना डांबर मिळते. त्यात अँथ्रासीन व फेनान्थ्रीन असतात. दोहोंच्या रेणूंत कार्बनचे १४ व हायड्रोजनचे १० अणू, आणि तीन-तीन वलये. भेद इतकाच की पहिल्याची वलये एका रेषेत, दुसऱ्याची कोनात वळलेली.

दोन्ही सुमारे ३४०° सें.ला उकळतात; म्हणून ऊर्ध्वपातनाने ती नीट वेगळी होत नाहीत. परंतु अँथ्रासीन वितळते २१६° सें.च्या आसपास, तर फेनान्थ्रीन १००° सें.लाच! सरळ रेणू स्फटिकात फळ्यांप्रमाणे घट्ट बसतात. त्यांचे परस्पर आकर्षण सैल करण्यास अधिक उष्णता लागते. द्रवात ती रचनाच उरत नाही. विद्रावकात फेनान्थ्रीन सहज विरघळते, अँथ्रासीन मागे राहते. ग्रेबे व लीबरमान यांनी १८६८ साली त्यापासूनच अलिझारीन हा तांबडा रंग बनविला.