वहीची मागची पानं

प्रश्न : मी बी.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी वर्गातल्या एका मैत्रिणीची ‘लेखक म्हणून’ ओळख लिहायला सांगितलीय. ती जेमतेम बोलते. तिला काय विचारू?

उत्तर : ‘तू का लिहितेस?’ हे विचारू नका; मुरलेल्या लेखकांचीही तिथे त-त-प-प होते. सवयींपासून सुरुवात करा. ती रात्री लिहिते की पहाटे? मोबाइलवर की कागदावर? चुकलेला शब्द गिरवून काळा करते, की एक रेघ मारून वाचता येईल असा ठेवते? (दुसऱ्या प्रकारातली माणसं मला जास्त आवडतात.) तिची हरकत नसेल तर वहीची मागची पानं पाहा. अर्धवट ओळी, पुन:पुन्हा बदललेलं शीर्षक, मध्येच किराण्याचा हिशेब. अबोल माणूस तिथे बोलका असतो.

ध्येयाबद्दल मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच येईल. ‘यंदा दिवाळी अंकाला काही पाठवणार आहेस का?’ असं नेमकं विचारा. ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९च्या दिवाळी अंकापासूनची ही परंपरा नवोदितांना आजही खुणावते. कथा पाठवणार की कविता, कोणत्या अंकाला, यावरून पुष्कळ कळतं.

आणि लेख सरांना देण्याआधी तिला वाचायला द्या.