पत्र्याखालची डिस्क

अगं धाकटे, आत्याच्या लग्नाची कॅसेट एकदाची पेन ड्राइव्हवर आली म्हणतेस, बरं झालं. आता तिची डीव्हीडी करून आण्णांना द्यायची, तर कुठलं सॉफ्टवेअर विकत घेऊ, असं विचारलंस. एकही घेऊ नकोस. पैसे घालायचे ते कोऱ्या डिस्कवर. मी नेमकं उलटं केलं होतं, म्हणून सांगते.

बाजारातून पन्नासाचा डबा आणला, स्वस्त मिळाला म्हणून. त्यावर ना नाव, ना गाव. तुझ्या भाच्याचं बारसं त्यातल्याच एका डिस्कवर घेतलं आणि पत्र्याच्या खोलीत ट्रंकेवर ठेवून दिलं. वैरागचा मे तुला काय सांगायचा! दुपारी पत्रा असा तापतो की पंखा गरम हवाच फिरवत बसतो. दोन उन्हाळे गेले आणि तिसऱ्या वर्षी डिस्क लावली, तर पाळण्याखालून बाळ देता-घेता चित्र जागीच थिजलं. नाव काय ठेवलं, ते त्या डिस्कला ठाऊकच नाही.

पुढं कळलं ते असं. कोऱ्या डिस्कच्या पोटात रंगाचा पातळ थर असतो. लेसर त्या रंगावर खुणा भाजतो, म्हणून तर त्याला 'बर्न करणं' म्हणतात. ऊन आणि उष्णता तो रंग हळूहळू खराब करतात, आणि हलक्या मालात लवकर करतात. सिनेमाच्या विकतच्या डिस्कवर कारखान्यातच साच्यानं ठसा उमटवलेला असतो, म्हणून 'ती बरी टिकली' असं म्हणत तिच्याशी तुलना करू नकोस.

दुकानदार मोझर बेअरचा डबा काढून दाखवेल. एके काळी घराघरात तेच नाव होतं. 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकून त्यांनी सिनेमाचा बाजार हलवला होता. पण 2018 मध्ये ती कंपनी अवसायनात गेली. आज मिळेल तो जुना साठा, आणि कोरी डिस्कसुद्धा पडून पडून म्हातारी होते. व्हर्बाटिम अजून मिळते, मात्र 2019 मध्ये तो धंदा तैवानच्या सीएमसी कंपनीनं घेतला. म्हणजे डब्यावरचं नाव एकाचं आणि डिस्क घडवणारा दुसरा, असं चालतंच. म्हणून आधी पाच डिस्क आण, एक लिहून बघ, मगच डबा घे.

घेताना 'डीव्हीडी-आर' माग. 'आरडब्ल्यू' म्हणजे पुसून पुन्हा लिहायची पाटी, ती जपून ठेवायच्या कामाची नाही. 'प्लस आर'ही चालते, पण आण्णांच्या टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरला 'मायनस'च जास्त मानवते. डब्यावर 4.7 जीबी लिहिलेलं असतं आणि कॉम्प्युटर 4.37 दाखवतो. त्यावरून दुकानदाराशी भांडू नकोस, दोघांची मोजायची रीत वेगळी.

आता सॉफ्टवेअर. पेन ड्राइव्हवरची फाइल तशीच डिस्कवर टाकलीस तर आण्णांचा प्लेअर ती ओळखणार नाही. तिची आधी डीव्हीडी-व्हिडिओ बनवावी लागते. त्यासाठी डीव्हीडी-स्टायलर घे, फुकट आहे. सुरुवातीला ते 'पाल की एनटीएससी' विचारतं, तिथं पाल निवड, आपल्याकडं तेच. चित्राचा आकार 4:3 ठेव, नाहीतर नवरदेव आडवा ताणला जाईल. एका डिस्कवर दोन तासांपेक्षा जास्त कोंबू नकोस, चित्राचा चिखल होतो. लग्न तीन तासांचं असेल तर दोन डिस्क कर. जुन्या लॅपटॉपला या कामाला कितीतरी तास लागतात, म्हणून रात्री लावून झोप.

तयार झालेलं थेट डिस्कवर न लिहिता आयएसओ फाइल करून ठेव आणि ती इमेजबर्ननं लिही. ते 2013 पासून बदललेलं नाही, तरी माझं काम आजही त्यावरच चालतं. फुकटचं काहीही टाकताना मात्र नुसतं 'नेक्स्ट-नेक्स्ट' दाबत जाऊ नकोस, सोबत नको ते पाहुणे घरात शिरतात.

डिस्कवर 16 एक्स लिहिलेलं असलं तरी वेग 4 किंवा 8 ठेव. 4 वर पूर्ण डिस्कला पंधराएक मिनिटं लागतात. तेवढ्यात लाइट गेली तर ती डिस्क चहाच्या कपाखाली ठेवायची, म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू दे. शेवटी 'व्हेरिफाय'ची खूण कर. मी ती वेळ वाचवायला काढत असे. बारसं गेलं त्यात तिचाही हात असेल.

नाव लिहायला बॉलपेन घेऊ नकोस, चिकटपट्टीही लावू नकोस. डिस्कसाठीचा मऊ मार्कर घे आणि मधल्या पारदर्शक कड्यावर लिही. एक डिस्क आण्णांकडं, एक माझ्याकडं, आणि मूळ फाइल पेन ड्राइव्हशिवाय आणखी एका हार्ड डिस्कवर राहू दे. माझी मी जुन्या माळवदाच्या खोलीत, दिवळीत उभी ठेवणार आहे. तिथं मे महिन्यातही गारवा असतो. ट्रंक तेवढी पत्र्याखालीच आहे, तिच्यात आता गोधड्या आहेत.

रविवारी लॅपटॉप घेऊन ये, पहिली डिस्क मिळून लिहू. आण्णांना आधी काही सांगू नकोस, त्या लग्नात आजी पंगतीत वाढताना दिसते.