आवाजात पैसे घालायचे, पण नेमके कुठे?

प्रश्न : आमचा हॉल १५ बाय ११ फुटांचा आहे. २०१७ साली ५.१ चा होम थिएटर सेट घेतला होता. त्यात एव्हीआर (ऑडिओ-व्हिडिओ रिसीव्हर), पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर होता. सिनेमातले संवाद नीट कळत नाहीत. आवाज वाढवला की मारामारीच्या प्रसंगाला घर हादरतं आणि खालच्या मजल्यावरून फोन येतो. आई ७४ वर्षांची आहे, ती तर हल्ली टीव्हीसमोर बसायचंच टाळते. यंदा बोनसचे ७० हजार हातात आहेत. दुकानदार म्हणतो, जुना एव्हीआर ८ हजारांत परत घेतो, १०० वॉटचा नऊ चॅनेलचा नवा ८५ हजारांना घ्या, उरलेले ७७ हजार बारा हप्त्यांत ‘नो-कॉस्ट ईएमआय’वर भरा, बोनसला हातही लागणार नाही. घ्यावा का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नका घेऊ. तुमची तक्रार संवाद कळत नसल्याची आहे, आणि दुकानदार सुचवतोय ती वस्तू त्या तक्रारीच्या जवळपासही जात नाही.

आधी वॉटचा हिशेब करू. तुमचा सध्याचा एव्हीआर ८० वॉटचा असेल असं धरू, कारण त्या काळच्या ५.१ सेटमध्ये साधारण तेवढाच असायचा. ८० वरून १०० वॉटवर गेल्याने आवाज वाढतो जेमतेम १ डेसिबल. शेजारी बसलेल्याला तो फरक सांगावा लागतो. वॉट दुप्पट केले तर ३ डेसिबल मिळतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर वॉट दहापट लागतात. त्यातही माहितीपत्रकावरचे १०० वॉट कसे मोजलेत ते बारीक अक्षरात वाचा. एकच चॅनेल चालू ठेवून, फक्त १ किलोहर्ट्झवर, १० टक्के विकृती चालवून घेऊन मोजलेला आकडा मोठा दिसतो. दोन चॅनेल एकत्र, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंत मोजलेला आकडा खरा, आणि तो नेहमी लहान असतो. टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर हजारो वॉट ‘पीएमपीओ’ छापलेलं असायचं, ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आता ‘नो-कॉस्ट’चा हिशेब. यात बँक व्याज लावतेच. विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट देते म्हणून ते आपल्याला दिसत नाही. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांत त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो तुमच्या खिशातून जातो. वार्षिक १५ टक्के दर धरला तर ७७ हजारांच्या बारा हप्त्यांत सुमारे ५,९०० रुपये व्याज दडलेलं असतं आणि त्यावरचा जीएसटी होतो साधारण १,०६०. वर प्रोसेसिंग फी. शिवाय रोखीने घेतलं असतं तर जी घासाघीस करता आली असती, तीही गेली. दुकानदाराला एकच विचारा, ‘आज पूर्ण पैसे दिले तर किती?’ तो जो आकडा सांगेल, ती वस्तूची खरी किंमत.

मग संवाद का कळत नाहीत? ५.१ मध्ये बहुतेक सगळं बोलणं मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतं. आपल्याकडे हा स्पीकर टीव्हीखालच्या शोकेसच्या कप्प्यात, मागे सरकवलेला असतो. त्याच्या पुढे लाकडाची फळी येते आणि स्पीकरचं तोंड आपल्या गुडघ्यांकडे असतं. तुमचाही तसाच असेल तर आजच तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा. दाराखाली लावतात ती रबरी पाचर त्याच्या पुढच्या बाजूला खाली सारून तोंड थोडं वर करा, बसलेल्या माणसाच्या कानाकडे. खर्च वीस-तीस रुपये. एका नातेवाइकांकडे मी हे केलं तेव्हा त्यांच्या सूनबाई स्वयंपाकघरातून विचारत बाहेर आल्या, नवीन स्पीकर आणला का म्हणून.

दुसरी गोष्ट टीव्हीच्या सेटिंगमध्ये असते. ‘डिजिटल ऑडिओ आउट’ जर ‘पीसीएम’वर असेल, तर बहुतेक टीव्ही एव्हीआरकडे दोनच चॅनेल पाठवतात. मग पाच स्पीकर असूनही तुम्ही स्टीरिओच ऐकत असता आणि संवाद वेगळे निघतच नाहीत. ते ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करा आणि एव्हीआरच्या पडद्यावर ‘डॉल्बी डिजिटल’ उमटतं का बघा. ऑप्टिकल वायर असेल तर ती काढून एचडीएमआयच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या जॅकला जोडा. त्यानंतर मेन्यूत जाऊन सेंटरची पातळी २ ते ३ डेसिबल वाढवा आणि ‘नाइट मोड’ चालू करा. हा मोड मोठा आवाज दाबतो, हळू आवाज उचलतो. तुमच्या घरातल्या आणि खालच्या मजल्यावरच्या, दोन्ही तक्रारींवर हे एक बटण लागू पडतं.

आईंबद्दल मात्र थोडं थांबून लिहितो. वयानुसार कान आधी वरच्या पट्टीतला आवाज गमावतो. स, श, च, फ, थ ही व्यंजनं तिथेच असतात. माणूस म्हणतो, ‘आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत.’ घरचे आवाज वाढवतात, त्याने फक्त स्वर आणि ढमढम वाढते. शब्द तसेच पुसट राहतात. त्या टीव्हीसमोर बसायचं टाळतात याचं कारण हे असू शकतं. बोनसमधला पहिला खर्च त्यांच्या कानांच्या तपासणीवर, ऑडिओमेट्रीवर करा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ती अर्ध्या तासात होते. श्रवणयंत्र लागणार असेल तर तेच तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं ‘अपग्रेड’ आहे, आणि सत्तर हजारांतून त्याला आधी जागा हवी.

त्यानंतर खोली. हॉलच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून झण्ण असा शेपटीसारखा आवाज येत असेल, तर व्हिट्रीफाइड लाद्या, काच आणि उघड्या भिंती शब्दांवर शब्द आदळवत आहेत. सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये जाड गालिचा, खिडकीला चुण्यांचा जड पडदा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढ्यानेही कान लगेच सांगतो. आठ-दहा हजारांत हे होतं आणि ८५ हजारांच्या एव्हीआरपेक्षा जास्त ऐकू येतं. अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम चिकटवून शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडत नाही, त्यावर पैसे घालू नका.

खालच्या बासचं गणित खोलीच्या लांबीतून येतं. तुमच्या १५ फुटांत सुमारे ३७ हर्ट्झचा आणि ११ फुटांत सुमारे ५१ हर्ट्झचा आवाज घुमतो. म्हणून सोफा भिंतीला टेकला असेल तर बास फुगतो, आणि सबवूफर कोपऱ्यात असेल तर आणखीच. यावर जुना उपाय आहे. सबवूफर उचलून तुम्ही बसता त्या सोफ्यावर ठेवा, बासचं एखादं गाणं लावा आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरा. जिथे बास गोळा न होता सुटा, स्पष्ट ऐकू येतो तिथे सबवूफर ठेवा. मी माझ्या घरी हे केलं तेव्हा जागा निघाली दाराजवळच्या चपलांच्या रॅकशेजारी, जिथे कुणी सुचवली नसती. जागा ठरली की एव्हीआरसोबत आलेला माइक स्टँडवर, कानाच्या उंचीला लावून ऑटो-सेटअप पुन्हा चालवा. २०१७ नंतर तुम्ही फर्निचर हलवलं असेल, पण एव्हीआर मात्र अजून जुनीच खोली धरून बसलेला असेल.

एवढं करून महिनाभर ऐका. नंतरही पैसे घालावेसे वाटले तर पुढचे तीन स्पीकर बदला, डावा, उजवा आणि सेंटर, तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले. मालिका वेगळी असली की माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालताना त्याचा गळा बदलतो. चाळीस हजारांची मर्यादा ठेवा. घेण्याआधी एव्हीआरच्या मागे किमान किती ओहमचा स्पीकर चालेल ते छापलेलं असतं, त्याचा फोटो काढून न्या. संवेदनशीलता ८७ ऐवजी ९० डेसिबल असलेला स्पीकर घेतलात तर तेवढ्याच वॉटमध्ये ३ डेसिबल जास्त मिळतात, म्हणजे एव्हीआर दुप्पट ताकदीचा केल्यासारखं. कोनाभोवतीची कड रबराची हवी. फोमच्या कडेचा काही वर्षांत भुगा होतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर लवकरच. रबरी कडेचा चांगला स्पीकर वीस वर्षं टिकतो, विकतानाही किंमत येते. एव्हीआरचं तसं नाही, दर चार वर्षांनी नवा जॅक आणि नवं नाव येतं. म्हणून टिकणाऱ्या वस्तूत आधी पैसे घाला.

सबवूफर त्यानंतर, पुढच्या बोनसला. आणि वायर? २००९ मध्ये एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी ९ हजारांची स्पीकर केबल घेतली होती. मित्राने माझी पाठ वळवून बसवून ती केबल आणि विजेच्या दुकानातली तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर आलटून पालटून लावली. दहा वेळा ऐकून मला कुठली कोणती ते सांगता आलं नाही. ते ९ हजार तेव्हा माझ्या अर्ध्या महिन्याचा पगार होते, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतो : १.५ चौरस मिमीची, आणि मागच्या स्पीकरपर्यंत लांब जायचं असेल तर २.५ चौरस मिमीची शुद्ध तांब्याची वायर पुरते. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर गळ्यात मारत नाहीत ना, ते टोक खरवडून पाहा.

प्रश्न : रात्री दार-खिडक्या बंद करून सिनेमा पाहिला तरी शेजारी पोलिसांत जाण्याची धमकी देतात. स्वतःच्या घरात कायद्याने किती आवाज चालतो?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज तुमच्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये. घर स्वतःचं आहे हा बचाव होत नाही.

मोबाइलवरच्या मीटरवर आकडा कमी दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. हे मीटर कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे मोजतात आणि ४० हर्ट्झचा बास सुमारे ३५ डेसिबलने कमी धरतात. तुमच्या मीटरवर तो जवळजवळ नसतो, पण शेजाऱ्याच्या पलंगात मात्र असतो, कारण बास स्लॅबमधून जातो. सबवूफर जमिनीवरून उचलून जाड रबराच्या पॅडवर ठेवा, रात्री दहानंतर तो बंदच करा, आणि एकदा शेजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या भिंतीला कान लावून तुम्हीही ऐका. हा वाद पोलिसांपर्यंत जायची गरज नाही.

प्रश्न : नवीन स्पीकर आठ दिवसांत खरखरायला लागला. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का आहे. आता?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : त्या शिक्क्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. खरखर ऐकू येईल असा छोटा व्हिडिओ काढा, त्यात स्पीकरमागचा अनुक्रमांक दाखवा आणि दुकानदाराला व कंपनीला ईमेलने लेखी कळवा. फोनवरच्या बोलण्यावर थांबू नका. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तरीही न जमल्यास सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, दुकान मुंबईत असलं तरी, कारण तक्रारदार राहतो तिथे दावा लावायची सोय या कायद्यात आहे. दोन वर्षांच्या आत जायचं, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही.

एक विचारायचं राहिलं : बिल जीएसटीचं आहे ना, आणि त्यावर तोच अनुक्रमांक आहे ना? नसेल तर वरचा ईमेल पाठवताना तेही आजच मागून घ्या.