आधी वाघ्याची सोय

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी. एकट्या राहणाऱ्या एक आजी शस्त्रक्रियेसाठी दाखल व्हायला तयार नाहीत. ‘माझ्या कुत्र्याला, वाघ्याला कोण बघणार?’ म्हणतात. त्यांची समजूत कशी घालू?

उत्तर : समजूत कसली घालता, वाघ्याची सोय लावा! गृहभेटीत माणसांबरोबर प्राण्याचीही नोंद करा : खायला कोण घालतं, रेबीजची लस झाली का. शेजारी, नातलग की प्राणी सांभाळणारी संस्था, हे आजींनाच ठरवू द्या. परस्पर काही नको.

मारहाण सोसणाऱ्या बाईबाबत हाच पेच जीवघेणा होतो. मागे प्राण्याचे हाल होतील, या धास्तीनं ती घर सोडत नाही. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानं अशांना प्राण्यासह निवाऱ्यासाठी निधीची तरतूद केली. आपल्याकडे प्राण्याला छळणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. तिच्या तक्रारीत तेही लिहून घ्या.