अभ्यासलेख : आधी वसतिगृह, मग महाविद्यालय



दहावीचा निकाल लागला की आपल्या भागात दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरात पोराला परभणीला ठेवायचे की लातूरला, यावर बोलणे चालते. दुसऱ्या घरात बोलणेच निघत नाही. आंध, पारधी किंवा उसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातले ते पोर पास होऊनही घरी बसते. पोखर्णीहून परभणी गाडीने फार लांब नाही. खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे धरले, तर मात्र ती फार लांब पडते.

हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे एक उत्तर आपल्याच मराठवाड्यात सापडते. या अंकात आपण छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, मिलिंद महाविद्यालयाचा अभ्यास करू.

1. दार बंद होते तेव्हा

17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचे विद्यापीठ होते उस्मानिया. ते 1918 साली हैदराबादला सुरू झाले आणि तिथले शिक्षण उर्दूतून होते. औरंगाबादला इंटरपर्यंतचे शासकीय महाविद्यालय होते, पदवीसाठी पुढे हैदराबाद गाठावे लागे. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलालाही हे अवघड होते. गावकुसाबाहेरच्या मुलासाठी तर ते दार नव्हतेच, भिंत होती. शाळेत त्याला वेगळे बसवत, आणि शहरात गेला तर त्याला खोली कोण देणार?

2. क्रम लक्षात घ्या

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे स्वतः भोगले होते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर 1924 साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने शिक्षणाचे जे पहिले काम हाती घेतले, ते महाविद्यालयाचे नव्हते. जानेवारी 1925 मध्ये सोलापूरला मुलांसाठी वसतिगृह उघडले गेले. पीपल्स एज्युकेशन सोसायटी त्यानंतर वीस वर्षांनी, 8 जुलै 1945 रोजी स्थापन झाली. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि जून 1950 मध्ये औरंगाबादचे.

आधी अंथरूण आणि दोन वेळचे जेवण, मग वर्ग. हा क्रम या पाठाचे सार आहे.

3. नागसेनवन

औरंगाबादच्या महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसवली गेली. पुढे महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा. त्याने भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारले आणि उत्तर पटले तेव्हा ते मोकळेपणाने मान्य केले. राजाने प्रश्न विचारावा, भिक्षा मागून जगणाऱ्याने उत्तर द्यावे, आणि राजाने ते स्वीकारावे. ज्यांच्या आजोबांना प्रश्न विचारण्याचीच मनाई होती, त्या मुलांच्या महाविद्यालयाला याहून चांगले नाव कोणते मिळाले असते?

महाविद्यालयाचे दार सर्व जातींना खुले होते. पण परभणी, नांदेड, बीडच्या खेड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या दलित मुलांना तिथे पहिल्यांदा एक गोष्ट मिळाली. आपण इथे उपरे नाही, ही खात्री. वसतिगृहात त्यांच्यासारखेच इतर होते. शिक्षक त्यांना नावाने ओळखत.

याचे फळ केवळ नोकऱ्यांत दिसले नाही. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. प्राचार्य म. ना. वानखडे अमेरिकेत संशोधन करून आले आणि तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याची ओळख त्यांनी इथल्या तरुणांना करून दिली. 1967 साली इथूनच 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले. पुढे ते 'अस्मितादर्श' झाले, आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते अनेक दशके चालवले. ज्यांनी कधी काही छापलेले पाहिले नव्हते, अशा घरांतली मुले त्यात लिहू लागली. दलित साहित्याच्या जडणघडणीत नागसेनवनाचा वाटा मोठा आहे.

हे सारे सुखासुखी झाले नाही. मराठवाडा विद्यापीठ 1958 साली स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला, आणि मराठवाड्यातील कितीतरी गावांत दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले. शिक्षणाच्या दारावरचे एक नावही किती महाग पडू शकते, हे आपल्या पिढीने पाहिले आहे.

4. सातासमुद्रापलीकडे हीच वाट

अमेरिकेतही गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या बहुतेक महाविद्यालयांत प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी वेगळ्या संस्था उभ्या राहिल्या. काही चर्चच्या मिशनांनी काढल्या, काही राज्य सरकारांनी. 1890 च्या कायद्याने सरकारी महाविद्यालयांची संख्या वाढली. अशा सुमारे शंभर संस्था आजही चालू आहेत.

त्यातली टस्कीगी ही संस्था मराठी वाचकांना वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे ठाऊक आहे. 1881 साली अलाबामा राज्याने तिच्यासाठी दोन हजार डॉलर मंजूर केले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जागा नाही, इमारत नाही. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी विद्यार्थ्यांकडून विटा पाडून घेतल्या, आणि त्या विटांतून इमारती उभ्या राहिल्या. 1896 साली तिथे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आले. कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग घ्या, असे ते शेतकऱ्यांना सांगत. 1906 पासून संस्थेची गाडी शेतीची अवजारे आणि बियाणे घेऊन गावोगाव फिरू लागली. कापूस पिकवणाऱ्या आपल्या परभणीकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दोन्ही वाटांचा एकमेकींशी संबंधही आला. 1946 साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. ड्यू बॉइस यांचे शिक्षण फिस्क विद्यापीठात झाले होते, आणि ते विद्यापीठही अशाच संस्थांपैकी एक आहे.

5. आपण काय शिकावे

पहिली गोष्ट, फी भरली म्हणजे मूल शिकले असे होत नाही. आईवडील उसाच्या फडावर असताना त्याला रात्री कुठे झोपायचे, हा शिक्षणाचाच प्रश्न आहे. दुसरी, मदत घेणाऱ्याच्या हातालाही काम हवे. टस्कीगीच्या मुलांना इमारत आपली वाटली, कारण विटा त्यांच्या होत्या. तिसरी, आपलेपणा पैशाने येत नाही. मुलाच्या बोलीला हसू नये, त्याच्या आडनावावरून त्याला ओळखू नये, आणि त्याला प्रश्न विचारू द्यावा.

सोलापूरच्या वसतिगृहापासून औरंगाबादच्या महाविद्यालयापर्यंत पंचवीस वर्षे लागली. आज एका मुलाच्या अंथरुणाची सोय करणाऱ्याला त्याचे फळ लगेच दिसणार नाही. तरी सुरुवात तिथूनच होते.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या गावातील कोणते मूल गेल्या दोन वर्षांत दहावीनंतर घरी बसले? खरे कारण फी होते की राहण्याची सोय?

2. ज्यांना आपण मदत करतो, ती मुले आपल्याला मोकळेपणाने प्रश्न विचारतात का? नसतील, तर त्यांना कशाची भीती वाटते?

3. त्यांच्या पालकांनी या कामात कोणती वीट घालावी? हे आपण त्यांना कधी विचारले आहे का?